मोल्सवर्थ : एका विरळा इंग्रजी आडनावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोल्सवर्थ हे नाव मराठी वाचकाला पहिल्यांदा भेटतं ते मराठी-इंग्रजी कोशाच्या पुठ्ठ्यावर. पुढे कुणी डब्लिनला जातं आणि तिथे मोल्सवर्थ स्ट्रीट दिसतो. कुणी भारतीय रेल्वेचा इतिहास वाचायला घेतं, तर तिथे भलताच मोल्सवर्थ निघतो. मग प्रश्न सुरू होतात. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखादा मुद्दा आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा न उगाळता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोल्सवर्थ हे आडनाव मुळात कुठून आलं?

एका खेड्याच्या नावावरून. इंग्लंडच्या पूर्व भागात हंटिंग्डनशायर म्हणून एक छोटी काउंटी होती; १९७४ पासून ती केंब्रिजशायरमध्ये मोडते. हंटिंग्डन गावापासून वायव्येला सुमारे सोळा किलोमीटरवर मोल्सवर्थ हे खेडं आहे. विल्यम राजाने कोणाकडे किती जमीन आणि तिचा सारा किती, याची देशभर पाहणी करवली, त्या १०८६ सालच्या डूम्सडे दप्तरात हे गाव ‘मोल्सवर्दे’ अशा रूपात सापडतं. गावाचं नाव त्याहूनही जुनं असणार, कारण ते फ्रान्समधून नॉर्मन लोक चालून येण्याआधीच्या जुन्या इंग्रजीतलं आहे. आडनाव मात्र बरंच नंतरचं. ते कसं पडलं ते प्रश्न ५ मध्ये.

२. नावाचा अर्थ काय?

दोन तुकडे आहेत. मागचा ‘वर्थ’ म्हणजे कुंपण घातलेली वाडी, वस्ती. पुढचा तुकडा ‘मूल’ या माणसाच्या नावाची षष्ठी. थोडक्यात, मूल नावाच्या कुणाची तरी वाडी.

‘मूल’चा जुना अर्थ खेचर. टोपणनाव म्हणून ते मिश्र वंशाच्या माणसाला लावत असावेत, आणि पुढे ते सरळ नाव म्हणून रुळलं. या नावाचा एक राजाही होऊन गेला: वेसेक्सच्या कॅडवालाचा भाऊ मूल. तो केंटच्या गादीवर बसला आणि ६८७ साली तिथल्या लोकांनी त्याला जाळून मारलं. वाडी त्या राजाची होती असं मात्र कुणी समजू नये. नाव त्या काळी चालू होतं, एवढाच याचा पुरावा. हंटिंग्डनशायरचा मूल कुणी साधा जमीनधारक असणार, आणि त्याच्याबद्दल त्याच्या वाडीच्या नावापलीकडे काहीही उरलेलं नाही.

३. ‘मोल’ म्हणजे किंमत आणि ‘वर्थ’ म्हणजेही किंमत. हा योगायोग की काही नातं?

निव्वळ योगायोग, पण कोशकाराच्या वाट्याला आलेला फार झकास योगायोग. आपलं ‘मोल’ संस्कृत ‘मूल्य’वरून. किंमत या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि वाडी या अर्थाचा ‘वर्थ’ आज एकसारखे लिहिले जातात, पण जुन्या इंग्रजीत ते वेगळे शब्द होते.

याच जातीचा दुसरा प्रश्न येतो तो ‘मोल’ या प्राण्याचा, म्हणजे जमिनीखाली बोगदे पोखरणाऱ्या त्या अधू डोळ्यांच्या चिमुकल्या जनावराचा. त्याचाही संबंध नाही. त्या प्राण्याला हे नाव इंग्रजीत मिळालं ते डूम्सडे दप्तरानंतर कितीतरी काळाने, आणि गाव तर आधीच ‘मोल्सवर्दे’ होतं.

४. उच्चार कसा करायचा? मोल्सवर्थ, मोलस्वर्थ की मोल्झवर्थ?

इंग्लंडमध्ये ‘मोल्झवर्थ’ म्हणतात. ‘मो’ लांब आणि मधला वर्ण ‘माझा’तल्या झ-च्या जवळचा. मराठीत ‘मोल्सवर्थ’ रूढ झालं आहे आणि ते बदलण्याची गरज नाही; या पानावर तेच वापरलं आहे. जुन्या मंडळींनी तर कोशकाराचं नाव पार आपल्या वळणावर नेऊन ‘मोलेसर शास्त्री’ केलं होतं. मराठी जिभेने केलेली ती पदवीच म्हणायची.

५. गावाच्या नावाचं आडनाव कसं झालं? तिथे राहणारे सगळेच मोल्सवर्थ झाले का?

नाही, उलट. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोण हाक मारणार? मोल्सवर्थमध्ये सगळेच मोल्सवर्थचे. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याला ‘मोल्सवर्थचा वॉल्टर’ म्हणायला लागत. आपल्याकडच्या ‘-कर’ आडनावांचं हेच आहे. पुण्यात राहून कुणी पुणेकर हे आडनाव लावत नाही. ते पुण्याबाहेर गेल्यावर चिकटतं.

१०६६ मध्ये नॉर्मन येण्यापूर्वी इंग्लंडमध्ये पिढीजात आडनावं नव्हती. नॉर्मन सरदारांनी ती पद्धत आणली, पुढची दोनतीन शतकं ती वरून खाली झिरपत गेली, आणि चौदावं शतक संपेपर्यंत इंग्लंडच्या बहुतेक भागांत साध्या कुळांनाही आडनाव आलं होतं. सुरुवातीला मध्ये ‘द’ हे फ्रेंच अव्यय असे: वॉल्टर द मोल्सवर्थ. पुढे ते गळून गेलं आणि नुसतं गावाचं नाव उरलं.

जमीनदारांच्या बाबतीत एक अपवाद आहे. ज्याच्याकडे गावचं वतन, त्याला गावात राहूनही गावाचं नाव लागे. त्यामुळे एका गावाची दोन प्रकारची मोल्सवर्थ कुळं निघू शकतात: एक वतनदाराचं, दुसरं गाव सोडून गेलेल्या एखाद्या शेतकऱ्याचं. हा मुद्दा प्रश्न ७ साठी लक्षात ठेवा.

६. ‘-वर्थ’ने संपणारी बाकीची आडनावंही अशीच का?

बहुतेक हो. क्रिकेटवाल्यांना सर्वांत ओळखीचं डकवर्थ. पावसाने सामना अडवला की ज्या नियमाचं नाव निघतं, त्यातला डकवर्थ. ते आडनाव लँकेशरचं. इलिंगवर्थ हे यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्सजवळच्या गावाचं. अ‍ॅशवर्थ, बटरवर्थ ही रॉचडेलच्या परिसरातली. या यादीत मोल्सवर्थ उठून दिसतं ते दोन कारणांनी. एक तर ते उत्तरेचं नाही, आणि दुसरं म्हणजे बटरवर्थांसारखं ते फोफावलं नाही. विरळाच राहिलं.

७. म्हणजे सगळे मोल्सवर्थ एकाच रक्ताचे?

तसं मानायला आधार नाही. आडनाव गावाचा पत्ता देतं, बापाचा नाही. एकाच गावातून वेगवेगळ्या काळी वेगवेगळे लोक बाहेर पडले आणि प्रत्येकाला तेच नाव लागलं, हे सहज शक्य आहे. शिवाय मध्ययुगातल्या कुळांमध्ये मुलीकडून वारसा आला की जावई किंवा नातू सासरचं अथवा आजोळचं नाव घेई (नमुना प्रश्न १२ मध्ये आहे).

विरळा आडनाव असलं की सगळे एकमेकांचे भाऊबंद असण्याची शक्यता वाढते, हे खरं. पण वाढलेली शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. ज्या दोन शाखांचा माग सलग लागतो त्या आयरिश (प्रश्न ९) आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडच्या कॉर्नवॉलच्या (प्रश्न ११). दोन्ही शाखा आपलं मूळ पूर्वी नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये असलेल्या हेल्प्स्टनच्या मोल्सवर्थांपर्यंत नेतात.

८. मराठी कोश करणारा मोल्सवर्थ कोण?

जेम्स थॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, मृत्यू १८७१. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईकडच्या सैन्यातला अधिकारी. तरुणपणीच हिंदुस्थानात आला, मराठी शिकला आणि शब्दांच्या नादाला लागला तो कायमचा.

त्याच्याआधी काहीच नव्हतं असं नाही. विल्यम कॅरीचा मराठी-इंग्रजी कोश १८१० साली बंगालमधल्या श्रीरामपूरला निघाला होता, तोही मोडी लिपीत छापलेला. व्हान्स केनेडीचा कोश १८२४ चा. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदी शास्त्रीमंडळींचा मराठी-मराठी कोश १८२९ चा. पण १८३१ साली मुंबईत निघालेल्या मोल्सवर्थच्या कोशाने या सगळ्यांना मागे टाकलं. त्यात सुमारे ४०,००० शब्द होते. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ मदतीला होते आणि शब्द आणणारे, तपासणारे, अर्थ फोडून सांगणारे ब्राह्मण शास्त्री पदरी होते. मुखपृष्ठावर कँडी बंधूंची नावं आली, शास्त्र्यांची नाहीत. त्या काळाचा रिवाज म्हणून ते सोडून द्यावं असं मला वाटत नाही. कोशातला कोकणी खेड्यातला शब्द आणि देशावरचा शब्द शेजारी शेजारी बसले आहेत ते कुणाच्या कानांमुळे, हे उघड आहे.

पुढे इंग्रजी-मराठी कोशाचं काम त्याने सुरू केलं. ते थॉमस कँडीने पुरं केलं आणि १८४७ मध्ये छापलं. मोल्सवर्थ पुन्हा येऊन मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीला बसला. ती १८५७ ची. शब्दसंख्या सुमारे ६०,००० वर गेली आणि सुरुवातीला जॉन विल्सनचा मराठी भाषेवरचा निबंध जोडला गेला. आज आपण ‘मोल्सवर्थमध्ये बघ’ म्हणतो ती हीच आवृत्ती. कोणताही शब्द काढा: आधी देवनागरीत शब्द, मग लिंग, मग तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी याची एका अक्षराची खूण, मग अर्थ, आणि शब्द बोलीत चालणारा असेल तर पाठोपाठ म्हणी आणि वाक्प्रचारांची रांग. बाबा पद्मनजींनी १८६३ मध्ये त्याचा संक्षेप केला. पुण्यात १९७५ मध्ये तो पुन्हा छापला गेला आणि आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द टाइप करून शोधता येतो.

९. व्हायकाउंट मोल्सवर्थ हे घराणं कोणतं?

ही आयरिश शाखा. रॉबर्ट मोल्सवर्थ १६५६ साली डब्लिनमध्ये जन्मला. बाप तिथला व्यापारी, क्रॉमवेलच्या फौजेबरोबर आलेला. रॉबर्ट पुढे इंग्लंडचा राजा विल्यम तिसरा याचा वकील (राजदूत) म्हणून डेन्मार्कच्या दरबारी गेला. तिथून परतल्यावर त्याने डेन्मार्कच्या राजवटीवर लिहिलेलं पुस्तक १६९४ मध्ये निघालं. एक स्वतंत्र राज्य निरंकुश राजेशाहीखाली कसं गेलं, हा त्याचा विषय. डेन्मार्कचा राजा खवळला, आणि पुस्तक तडाखेबंद खपलं.

१७१६ मध्ये त्याला व्हायकाउंट मोल्सवर्थ ऑफ स्वोर्ड्‌झ हा किताब मिळाला. १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटून लोक भिकेला लागले, तेव्हा संचालकांना शिक्षा करा म्हणून पार्लमेंटमध्ये ओरडणाऱ्यांत हा एक होता.

मला या शाखेतला त्याचा मुलगा रिचर्ड जास्त आवडतो. २३ मे १७०६, बेल्जियममधल्या रामिल्यीची लढाई. इंग्रजांचा सेनापती ड्यूक ऑफ मार्लबरो घोड्यावरून पडला आणि फ्रेंच घोडदळ अंगावर आलं. कॅप्टन रिचर्ड मोल्सवर्थ त्याचा एडीसी, म्हणजे दिमतीचा अधिकारी. त्याने आपला घोडा ड्यूकला दिला आणि त्याला तिथून बाहेर काढलं. थोड्या वेळाने मार्लबरो दुसऱ्या घोड्यावर चढत असताना रिकीब धरून उभ्या असलेल्या कर्नल ब्रिंगफील्डचं डोकं तोफगोळ्याने उडवलं. रिचर्ड मात्र वाचला, पुढे तिसरा व्हायकाउंट झाला, आणि १७५७ मध्ये फील्ड मार्शल.

१०. डब्लिनचा मोल्सवर्थ स्ट्रीट याच घराण्याचा का?

हो. अठराव्या शतकात त्यांच्याच जमिनीवर तो आखला गेला. रस्त्याच्या टोकाला समोर लेन्स्टर हाउस, म्हणजे आजची आयरिश संसद. गंमत अशी की न्यूझीलंडच्या वेलिंग्टनमध्येही संसदेला लागून जो रस्ता जातो त्याचं नाव मोल्सवर्थ स्ट्रीटच. पण तो या शाखेचा नाही, कॉर्नवॉलवाल्यांचा. दोन देशांच्या संसदांना एकाच खेड्याचं नाव लागून आहे, आणि त्या खेड्याला याची फारशी फिकीर असेल असं वाटत नाही.

११. आणि कॉर्नवॉलचे मोल्सवर्थ?

राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात जॉन मोल्सवर्थ कॉर्नवॉलच्या डचीच्या, म्हणजे राजघराण्याच्या जहागिरीच्या, कामावर तिकडे गेला आणि पेनकॅरो इथे या शाखेने मूळ धरलं. बॅरोनेट हा किताब १६८९ चा. तो मिळवणारा हेन्डर मोल्सवर्थ जमेकाचा कारभार पाहिलेला माणूस (त्याची काळी बाजू प्रश्न १६ मध्ये).

शाखेतला सर्वांत नामांकित म्हणजे आठवा बॅरोनेट सर विल्यम मोल्सवर्थ, १८१० ते १८५५. केंब्रिजमध्ये असताना आपल्याच शिक्षकाला द्वंद्वाचं आव्हान दिलं म्हणून काढून टाकलेला. पुढे पार्लमेंटमधला कडवा सुधारणावादी. गुन्हेगारांना ऑस्ट्रेलियात पाठवण्याच्या पद्धतीची चौकशी करणाऱ्या १८३७-३८ च्या समितीचा तो अध्यक्ष होता. न्यू साउथ वेल्सकडे कैदी पाठवणं १८४० मध्ये थांबलं त्यात त्या अहवालाचा वाटा मोठा. हॉब्ज या तत्त्वज्ञाचं समग्र लेखन त्याने संपादून छापलं, इंग्रजीचे ११ आणि लॅटिनचे ५ खंड. १८५५ मध्ये वसाहतमंत्री झाला आणि काही महिन्यांतच वारला.

पेनकॅरोच्या बागेची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चिलीहून आलेलं, अंगभर टोकदार पात्यांचं एक झाड विल्यमने लावलं. पाहायला आलेला चार्ल्स ऑस्टिन हा बॅरिस्टर म्हणाला, यावर चढायचं म्हणजे माकडालाही कोडं पडेल. तेव्हापासून इंग्रजीत त्या झाडाला ‘मंकी पझल’ म्हणतात, अशी तिथली आख्यायिका आहे.

१२. मोल्सवर्थ-सेंट ऑबिन हे जोडआडनाव कुठून आलं?

वारशातून. १८३९ मध्ये कॉर्नवॉल शाखेतल्या हेन्डर मोल्सवर्थ या पाद्र्याने सेंट ऑबिन हे नाव जोडून घेतलं. इंग्लंडच्या जमीनदार घराण्यांत हा नेहमीचा प्रकार: एखाद्या घरात पुरुष वारस उरला नाही की इस्टेट नात्यातल्या कुणाकडे जाई, आणि त्यासोबत ते नावही चालवावं लागे. आपल्याकडे दत्तक गेल्यावर आडनाव बदलतं. तिथे पहिलं न सोडता दुसरं जोडण्याची सोय होती. वंशावळ शोधताना मधल्या आडव्या रेघेकडे दुर्लक्ष केलं की अर्धं घराणं हातातून निसटतं.

१३. सर विल्यम मोल्सवर्थ आणि कोशकार मोल्सवर्थ एकच का?

नाही. दोघे समकालीन, म्हणून घोटाळा होतो. विल्यम पार्लमेंटमधला पुढारी, १८५५ मध्ये वारलेला. जेम्स थॉमस कंपनीच्या सैन्यातला अधिकारी आणि कोशकार, त्यानंतर सोळा वर्षं जगलेला. कुठे ‘सर मोल्सवर्थ यांचा मराठी कोश’ असं छापलेलं दिसलं तर तिथे हीच गल्लत झालेली असते. कोशकाराला ‘सर’ हा किताब नव्हता. शास्त्री मात्र होता.

१४. रेल्वेवाला मोल्सवर्थ मग तिसराच?

हो, सर गिलफर्ड मोल्सवर्थ, १८२८ ते १९२५. वडील रॉचडेलचे व्हिकर, म्हणजे तिथल्या चर्चचे धर्मगुरू, जॉन एडवर्ड नॅसो मोल्सवर्थ, म्हणजे घराणं आयरिश शाखेचं. सिलोनची रेल्वे उभारल्यावर १८७१ पासून १८८९ पर्यंत तो हिंदुस्थान सरकारचा सल्लागार अभियंता होता. नव्या सरकारी लोहमार्गांसाठी मीटरगेज घ्यायचं की ब्रॉडगेज, हा वाद तेव्हा पेटला होता. मोल्सवर्थ ब्रॉडगेजच्या बाजूचा. जंक्शनवर एका गाडीतला माल उतरवून दुसरीत चढवायचा यात किती खर्च आणि किती नासाडी, हे तो सांगत राहिला. सरकारने मीटरगेज टाकलं. पुढे शंभरेक वर्षांनी तेच मार्ग उखडून ब्रॉडगेज करायला लागलं. मिरज-कोल्हापूरकडच्या जुन्या लोकांना गाडी बदलण्याचा हा ताप आठवत असेल.

अभियंत्यांमध्ये ‘मोल्सवर्थ’ म्हणजे त्याची खिशात मावणारी सूत्रांची पुस्तिका, १८६०च्या दशकात निघालेली आणि नंतर कितीतरी आवृत्त्या झालेली. त्यामुळे जुन्या मराठी इंजिनिअरच्या घरात ‘मोल्सवर्थ’ म्हटलं की कोश की सूत्रं, हे आधी विचारून घ्यावं लागे.

१५. ‘मिसेस मोल्सवर्थ’ ही बालसाहित्यिका या घराण्यातली का?

सून म्हणून. मेरी लुईझा, १८३९ ते १९२१, माहेरची स्ट्युअर्ट, जन्म रॉटरडॅमचा. लग्न मेजर रिचर्ड मोल्सवर्थशी झालं आणि पुस्तकांवर सासरचंच नाव आलं. जुन्या इंग्रजी नोंदींत बायकांचा माग काढताना हीच अडचण येते: आडनाव नवऱ्याचं, आणि कधीकधी पहिलं नावसुद्धा नवऱ्याचंच छापलेलं. माहेरचं नाव मिळवायचं तर विवाहनोंद गाठावी लागते.

१६. जमेकामध्ये किंवा वेस्ट इंडीजमध्ये हे आडनाव दिसलं तर?

तर लगेच हेल्प्स्टनच्या वंशवृक्षाला फांदी जोडू नका. हेन्डर मोल्सवर्थ जमेकात रॉयल आफ्रिकन कंपनीचा हस्तक होता, म्हणजे आफ्रिकेतून गुलाम आणून विकणाऱ्या कंपनीचा माणूस, आणि १६८४ ते १६८७ तो बेटाचा प्रभारी गव्हर्नरही होता. कॅरिबियन बेटांवर इंग्रजी आडनावं गुलामांना अनेक वाटांनी आली: मालकाचं नाव, देखरेख्याचं नाव, बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव, किंवा मुक्तीनंतर स्वतः निवडलेलं. रक्ताचं नातं ही त्यातली एक वाट, एकमेव नव्हे. १८१७ नंतर तिथे गुलामांच्या नोंदवह्या ठेवल्या गेल्या. शोध तिथून सुरू करावा.

१७. मौल्ड्सवर्थ, मुल्सवर्थ ही याच नावाची रूपं का?

मुल्सवर्थ, मुल्लेसवर्थ ही रूपं मध्ययुगीन कागदांत येतात आणि ती याच नावाची. लेखनिक कानाला पडेल तसं लिहीत. तेराव्या शतकाच्या अखेरीला बेडफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरचा शेरीफ असलेला वॉल्टर द मोल्सवर्थ एकाच काळातल्या दोन कागदांत दोन प्रकारे सापडू शकतो.

मौल्ड्सवर्थ हे मात्र सांभाळून. चेशायरमध्ये त्या नावाचं वेगळं गाव आहे आणि त्याची व्युत्पत्तीही वेगळी. चेशायर-लँकेशरकडचं कुळ असेल आणि जुन्या नोंदीत मध्ये ‘ड’ येत असेल, तर हंटिंग्डनशायर विसरा.

१८. कुलवृत्तांतात दिलेल्या गोष्टी कितपत खऱ्या?

इंग्रजांच्या ‘पीअरेज’ म्हणजे उमराव घराण्यांच्या वंशावळींच्या ग्रंथांना आपल्या कुलवृत्तांतांइतकाच विश्वास द्यावा. अठराव्या शतकानंतरचं बहुधा पक्कं, मधलं तपासून घ्यावं असं, आणि मूळ पुरुषाच्या आसपास गोष्टी गोड होत जातात. वॉल्टर द मोल्सवर्थ हा पहिल्या एडवर्डबरोबर क्रुसेडला गेला, ही त्यातली. फोदरिंगे इथल्या अँथनी मोल्सवर्थने राणी एलिझाबेथचा इतका पाहुणचार केला की तो कर्जात बुडाला आणि जमिनी विकाव्या लागल्या, ही दुसरी. दुसरी मला जास्त पटते. घराण्याचा मोठेपणा सांगणाऱ्या गोष्टी सगळेच रचतात. दिवाळं निघाल्याची गोष्ट सहसा कुणी रचत नाही.

मानचिन्हाचंही इथेच सांगून टाकतो, कारण छापील ‘मोल्सवर्थ कुलचिन्ह’ विकणारे पुष्कळ आहेत. इंग्रजी कायद्यात मानचिन्ह आडनावाचं नसतं. ते एका माणसाला दिलेलं असतं आणि त्याच्या पुरुषवंशात उतरतं. वेडब्रिजमधल्या ‘मोल्सवर्थ आर्म्स’ या खानावळीच्या पाटीवर ते पाहावं, घरात लावू नये.

१९. मोल्सवर्थ नावाचा विमानतळही होता ना?

लष्करी तळ, त्याच खेड्याशेजारी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या आठव्या हवाई दलाचा ३०३ वा बॉम्बर गट तिथून जर्मनीवर जात असे. १९८०च्या दशकात तिथे क्रूझ क्षेपणास्त्रं ठेवायचं ठरलं आणि शांततावादी मंडळी तंबू ठोकून बसली. फेब्रुवारी १९८५ मध्ये सरकारने रातोरात सैनिक आणि पोलीस आणून त्यांना हुसकलं आणि भोवती कुंपण घातलं. संरक्षणमंत्री मायकल हेझल्टाइन सैनिकी जाकीट घालून तिथे हजर झाले आणि वर्तमानपत्रांना अनेक दिवस पुरेल असा फोटो मिळाला. १९८७ च्या अमेरिका-सोव्हिएत करारानंतर क्षेपणास्त्रं निघाली.

२०. न्यूझीलंडच्या मोल्सवर्थ स्टेशनचं काय?

ते रेल्वेचं नव्हे. तिकडे ‘स्टेशन’ म्हणजे मोठं गुरांचं रान. दक्षिण बेटावरचं हे स्टेशन सुमारे १,८०,००० हेक्टर, न्यूझीलंडमधलं सर्वांत मोठं फार्म, सरकारी मालकीचं. आणि ते ज्या प्रदेशात येतं त्याचं नाव मार्लबरो, म्हणजे ज्याला रिचर्डने घोडा दिला त्याच ड्यूकचं.

२१. हिंदुस्थानात राहिलेल्या एखाद्या मोल्सवर्थचा माग काढायचा आहे. सुरुवात कुठून करू?

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरापासून. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या चर्चकडून आलेल्या नोंदींचे तीन गठ्ठे आहेत: एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. पुणे, सोलापूर, अहमदनगर, महाबळेश्वर इथल्या नोंदी तिसऱ्यात शोधा. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा शोध घेणारी ‘फिबिस’ ही संस्था याच कामाला वाहिलेली आहे आणि तिची सूची घरबसल्या पाहता येते.

इंग्लंडकडचा माग त्यानंतर. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंद आहे, नावनिशीवार जनगणना १८४१ पासून, आणि त्याआधी चर्चच्या नोंदवह्या, ज्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा. नेहमी माहीत असलेल्या माणसापासून मागे जायचं. सर विल्यम किंवा व्हायकाउंटपासून खाली उतरत आपल्या माणसापर्यंत येण्याचा मोह होतो, आणि तिथेच बहुतेक वंशावळी बिघडतात. नोंदींत शोधताना प्रश्न १७ मधली सगळी रूपं टाकून पाहा. मुंबईकडच्या लेखनिकांनीही आपापल्या कानाप्रमाणेच लिहिलं आहे.